खात्रीचे प्रश्न

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. सध्या करत नाही, पण मी 'करायचा' असं लिहिणार नाही. ते लिहायला माझा हात धजत नाही.

लिफ्टच्या कामात यंत्र कमी त्रास देतं, आत अडकलेली माणसं जास्त, असं तो म्हणतो. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली आणि दिवा गेला की भलेभले दार बडवायला लागतात. कुणी दारात बोटं चेपून घेतं, कुणाला धाप लागते. बाकीचे मेकॅनिक वरून ओरडतात, "घाबरू नका!" दादाच्या मते हे ऐकलं की न घाबरलेला माणूसही घाबरतो. तो लिफ्टच्या टपावर उतरतो, झडप उघडून आत तोंड घालतो आणि प्रश्न सोडतो. "काकू, सांगा पाहू, टोमॅटो फळ की भाजी?" "साहेब, विमानातल्या ब्लॅक बॉक्सचा रंग कोणता?" आतला माणूस आधी चक्रावतो, मग चिडतो आणि मग उत्तर देतोच. एक साहेब म्हणाले, "काळा, दुसरा कोणता असणार?" दादा म्हणाला, "नारिंगी." त्या साहेबांनी लिफ्ट सुटेपर्यंत त्याच्याशी वाद घातला. धाप लागल्याचं पार विसरून गेले आणि बाहेर आल्यावर आभार मानायचे सोडून भांडतच राहिले.

कंपनीत त्याला 'जनरल' म्हणतात, जनरल नॉलेजमधला जनरल. तो मात्र ते लष्करातल्या हुद्द्यासारखं मिरवतो.

आम्हाला घरी या हुद्द्याचा नुसता वैताग होता. मी त्याच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत राहते, चष्म्याच्या दुकानात काम करते, आणि रविवारचं जेवण दादाकडे असतं. तिथे पहिला घास तोंडात जायच्या आत पहिला प्रश्न येणार. बटाटा मुळात कुठला? केळं 'बेरी' आहे पण स्ट्रॉबेरी नाही, ते का? मुक्या सिनेमाच्या काळात थिएटरात पियानो वाजवणारा माणूस कशाला ठेवायचे? इतिहास, भूगोल, खाणंपिणं, सिनेमे, त्याला काहीही वर्ज्य नाही. वहिनी म्हणायची, "अहो, निदान मीठ बरोबर आहे का एवढं तरी विचारा." मी सरळ कान बंद करून जेवायचे.

एक गोष्ट मात्र त्याला कधी जमली नाही. 'माहीत नाही' म्हणायला त्याची जीभ वळायची नाही. येत नसलं तरी तो म्हणणार, "जिभेवर आहे," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून उत्तर सांगणार. चुकलं तरी मागे हटणार नाही. कंपनीच्या वार्षिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत हरला तो चीनच्या भिंतीपायी. ती चंद्रावरून दिसते, हे त्याच्या शाळेच्या पुस्तकात छापलेलं होतं. परीक्षक म्हणाले, दिसत नाही. दादाने त्या परीक्षकाशी बोलणं टाकलं. मी त्याला अंतराळवीरांनी सांगितलेलं वाचून दाखवलं, तर म्हणतो, "त्यांनी नीट पाहिलं नसेल."

असा हा माणूस. एक दिवस तो एका दवाखान्याच्या लिफ्टच्या टपावर बसून आतल्या बाईंना विचारत होता, कधीच खराब न होणारा खाण्याचा पदार्थ कोणता. बाई म्हणाल्या, तुम्हीच सांगा. आणि दादाला सांगता येईना. मध, एवढा साधा शब्द. त्याचा सहकारी खाली पॅनेलजवळ उभा होता. त्याने सांगितलं की जनरल वर बसून "ते... ते पिवळं... ते..." असं करत राहिला, आणि शेवटी बाईच आतून म्हणाल्या, "राहू दे हो, तुम्ही आधी दार उघडा."

त्याच आठवड्यात त्याने पान्याला 'ते फिरवायचं' म्हटलं. वहिनीला वाटलं थकलाय. मग एकदा दात घासताना त्याचा उजवा हात आपोआप हलायला लागला आणि थांबेना.

स्कॅनच्या फोटोत डोक्याच्या डाव्या बाजूला गाठ दिसली. डॉक्टरांनी ती पेनाने दाखवली. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारी बाई, पण त्या पडद्याकडे माझ्याने बघवेना. डॉक्टर म्हणाले, गाठ बोलण्याच्या जागेला अगदी खेटून आहे. जास्त कापलं तर बोलणं जाईल, कमी कापलं तर राहिलेली गाठ पुन्हा वाढेल. म्हणून ऑपरेशन जागेपणी करायचं.

"जागेपणी म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"कवटी उघडेपर्यंत झोपवू, मग उठवू. मेंदूला स्वतःला दुखत नाही. ते बोलत राहतील, मी काढत राहीन. एखाद्या जागी हलकासा करंट लावला आणि ते अडखळले, तर ती जागा मी सोडणार. ते बोलतायत तोवर मला पुढे जाता येतं."

डोकं उघडं टाकून माणूस गप्पा मारणार, आणि गप्पा थांबल्या की सुरी थांबणार. वहिनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. दादा मात्र खुर्चीत सरसावून बसला. "म्हणजे प्रश्नोत्तरं का?" त्याने विचारलं. "कोणत्या विषयावर?"

डॉक्टरांनी हसून बोलण्याच्या विभागातल्या एका तरुण मुलीला बोलावलं. आम्ही तिला चाचणीवाली म्हणायला लागलो. ऑपरेशनच्या वेळी दादाच्या तोंडासमोर बसून बोलायचं काम तिचं. एरवी ती चित्रं दाखवते, हे काय, ते काय. दादाचा छंद कळल्यावर ती म्हणाली, चित्रांच्या जोडीला सामान्यज्ञानाचे प्रश्नही घेऊ, तुमचं मन रमेल. तिने पुठ्ठ्याची कार्डं केली. नियम मला तेव्हाच नीट समजला होता, कारण तिने तो अगदी चोख सांगितला.

"काका, ही परीक्षा नाही. मी हे प्रश्न ऑपरेशनच्या आधी वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा विचारणार. जे तुम्हाला दर वेळी न अडखळता येतील तेवढेच मी आत नेणार. कारण आत तुम्ही अडलात, तर ते करंटमुळेच अडलात अशी डॉक्टरांची खात्री पाहिजे. म्हणून येत नसेल तर बिनधास्त 'माहीत नाही' म्हणा. तो प्रश्न मी काढून टाकेन. त्यात काही कमीपणा नाही."

दादाने मान डोलावली. ज्या तऱ्हेने डोलावली त्यावरूनच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या दिवशी मी तिथे होते. भूगोल त्याने सपासप सांगितला. सिनेमाच्या प्रश्नांना दोनचारदा अडकला. "जिभेवर आहे," म्हणाला. "या गोळ्यांनी डोकं जड झालंय. उद्या विचार." चाचणीवालीला ते पटलं. झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्यांनी माणूस मंदावतो, हे तिला ठाऊक होतं. तिने ती कार्डं बाजूला काढली नाहीत. त्यानंतर चाचणी आणखी दोनदा झाली, दोन्ही वेळी मी दुकानात होते. त्याने एकूण एक उत्तर बरोबर दिलं असं कळलं. चाचणीवाली खूश होती.

ऑपरेशनच्या सकाळी त्याला आत नेलं. अर्धं डोकं भादरलेलं होतं. स्ट्रेचरवरून त्याने मला विचारलं, "बारके, भूल द्यायची पद्धत निघायच्या आधी ऑपरेशनं कशी करायचे, माहितेय?" मी म्हटलं, "गप्प बस." त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं हे असू नये, एवढंच मी मग बाकावर बसून घोकत राहिले.

प्रतीक्षागृहात पंखा होता, पाण्याचं यंत्र होतं आणि भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही होता. वहिनीला गप्प बसवत नव्हतं. घाबरली की ती बोलते, मी घाबरले की चिडते. ती म्हणाली, "होईल ग सगळं ठीक. चाचणीत तर पहिला नंबर आला ह्यांचा."

"नंबर नसतो त्यात, वहिनी."

"नसू दे. पण मेहनत किती घेतली. त्या मुलीच्या कार्डांतले अडलेले प्रश्न आठवून आठवून त्यांची उत्तरं मला शोधायला लावली, आणि दोन्ही संध्याकाळी माझ्यासमोर बसून पाठ केली. मी प्रश्न वाचायचा, ह्यांनी उत्तर द्यायचं. अगदी पोरांसारखं."

मी बाकावर तिच्याकडे वळून बसले.

आमच्या दुकानात हे रोज घडतं. माणसं अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. बाहेर बाकावर बसून, दुसऱ्याची तपासणी चालू असताना ऐकून, चोरून बघून. आपली नजर अधू आहे हे कबूल करायचं नसतं. मग खुर्चीत बसल्यावर खालची ओळ घडाघडा म्हणतात आणि चुकीचा नंबर घेऊन जातात. एक आजोबा तसा चष्मा लावून जिन्यावरून पडले. तेव्हापासून मी तक्ता उलटा करून विचारते. पण दादाला उलटं करून कोण विचारणार होतं? ओल्या शाईसारखी, दोन संध्याकाळी पाठ केलेली उत्तरं घेऊन तो आत गेला होता. डोकं उघडं, भीती, औषधं. त्यातलं एखादं उत्तर पुसलं जाणारच होतं. आणि ते पुसलं गेलं की डॉक्टर सुरी मागे घेणार होते, जिथे घ्यायची गरज नव्हती तिथे.

"कोणते प्रश्न, वहिनी? पाठ केलेले कोणते?"

तिला एव्हाना माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं होतं. "मला... मला काय आठवणार? पुष्कळ होते. येत होते तेही आम्ही घेतले, उजळणी म्हणून." आणि ती रडायला लागली. "मी काही वाईट केलं का ग?"

तिला उत्तर द्यायलाही मी थांबले नाही. ऑपरेशनच्या भागाकडे जाणाऱ्या दाराशी एक पहारेकरी होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, आत ऑपरेशन चालू आहे."

"म्हणूनच सांगतेय ना!"

"संपल्यावर सांगा."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी बेल दाबली आणि बोट काढलंच नाही. शेवटी हिरव्या टोपीतली एक नर्स फणफणत बाहेर आली. तिला मी एवढंच म्हटलं, "माझ्या भावाने कार्डं पाठ केलीत." मला वाटलं होतं हिला काही कळणार नाही. पण ती वळली ती जवळजवळ पळतच आत गेली. मग भिंतीवरचा फोन वाजला आणि पहारेकऱ्याने तो मुकाट्याने माझ्या हातात दिला.

पलीकडे चाचणीवाली होती. तोंडावरच्या कपड्यामुळे आवाज दबका येत होता. मागे कसलं तरी यंत्र एका लयीत टिकटिक करत होतं, आणि त्याच्याही मागे माझ्या भावाचा आवाज होता. तो कुणाला तरी सांगत होता की काजूची बी फळाच्या बाहेर लटकते. डोकं उघडं होतं त्याचं. मी भिंतीला टेकले.

"कोणती कार्डं?" तिने विचारलं.

"कळत नाही. सगळीच धरा."

मग तिचं डॉक्टरांशी कुजबुजणं ऐकू आलं. "आत्या," ती म्हणाली. मी तिची आत्या नव्हते, पण तिलाही घाम फुटला असणार. "आता आपण अवघड भागाजवळ आलोय. कार्डं वापरता येणार नाहीत. नुसत्या चित्रांवर भागणार नाही, डॉक्टरांना याच प्रकारची उत्तरं हवीत. तुम्ही मला प्रश्न सांगा. जुने. ते झोपेतही सांगतील असे. खात्रीचे."

किती वर्षं या माणसाने माझं डोकं खाल्लं, आणि त्या वेळी मला एक प्रश्न आठवेना. डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा. मी कान बंद करून जेवत होते ना! पहारेकरी माझ्याकडे बघत होता. वहिनी मागे येऊन उभी राहिली होती, तोंडात पदर कोंबून. फोनमध्ये ती टिकटिक.

मग मी डोळे मिटले आणि रविवारचं टेबल आणलं समोर. पाण्याचा जग, वहिनीचा निळा डबा, दादाचा हवेत थांबलेला चमचा. आणि ते आलं. सगळं आलं. कान बंद केलेले नव्हतेच म्हणायचे कधी.

"ब्लॅक बॉक्सचा रंग, नारिंगी. बटाटा कुठला, दक्षिण अमेरिकेतला. ऑस्ट्रेलियाची राजधानी, कॅनबेरा. सिडनी म्हणणाऱ्यांना तो हसतो, ते विचारा. केशर कशातून येतं, फुलाच्या तंतूंतून. जगातला सगळ्यात छोटा देश, व्हॅटिकन. मुका सिनेमा आणि पियानो. चंद्रावरून काय दिसतं, तो म्हणेल चीनची भिंत."

"ते चूक आहे ना?"

"चूकच आहे! पण तो तेच म्हणणार. 'दिसत नाही' असं म्हणाला तर समजा त्याचं काहीतरी बिघडलं."

पलीकडे कुणीतरी हसलं, बहुधा डॉक्टर. "आणखी," ती म्हणाली. "भूगोल द्या, तो त्यांचा चांगला आहे."

"सगळ्यात खोल सरोवर. बैकल."

"खात्रीचं?"

"हो. लहानपणापासूनचं."

फोन बंद झाला.

नंतरच्या वेळाबद्दल मला फार सांगता येणार नाही. टीव्हीवर कुणीतरी केक करत होतं. मला एवढंच वाटत होतं की आता तिथे काय होतंय ते माझ्या बोलण्यावर चाललंय. लोकांच्या नाकावर चष्मे बसवणारी बाई मी, आणि माझ्या शब्दावर माझ्या भावाच्या मेंदूत सुरी पुढे सरकत होती नाहीतर थांबत होती. वहिनीला मी जवळ घेतलं. ती "मी काही वाईट केलं का ग" हे विचारतच राहिली, आणि दर वेळी मी "नाही" म्हटलं. रागही येत होता आणि कीवही. त्या बिचारीने केलं काय, तर नवऱ्याचा अभ्यास घेतला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ होता. बरीचशी गाठ निघाली, म्हणाले. सगळी नाही. एका जागी त्यांचं बोलणं थांबलं, म्हणून तिथे मी थांबलो. थोडा भाग राहिलाय. तो वाढतो का ते बघत राहावं लागेल. "तुम्ही वेळेवर सांगितलंत," ते मला म्हणाले, "नाहीतर मी बराच आधी थांबलो असतो." मी हात जोडले. त्यांच्यासमोर रडू नये म्हणून गाल आतून चावला.

मला पुढचं कळलं ते चाचणीवालीकडून, दुसऱ्या दिवशी, दवाखान्याच्या उपाहारगृहात. ती चहात बिस्कीट बुडवून सांगत होती. चंद्रावरून काय दिसतं म्हटल्यावर काकांनी भिंत तर सांगितलीच, वर डॉक्टरांना बजावलं की लोक काहीही सांगतील, तुम्ही विश्वास ठेवू नका. सगळं ऑपरेशन थिएटर हसत होतं. मीही हसले. मग मी विचारलं, "थांबला कुठे?"

"सरोवरावर."

"बैकल?"

"हो. करंट लावला होता, तेव्हा गप्प झाले. ते ठीक. पण करंट काढल्यावरही बोलेनात. मी पुन्हा विचारलं. नुसते बघत राहिले माझ्याकडे, शांत. थकलेही होते म्हणा. डॉक्टरांनी मला विचारलं, हा नक्की येतो का त्यांना? मी म्हटलं, बहिणीने खात्रीने सांगितलाय. मग त्यांनी जोखीम घेतली नाही. पुढच्या प्रश्नांची उत्तरं काकांनी दिली, पण डॉक्टर त्या जागेकडे पुन्हा गेले नाहीत."

माझा चहा तसाच राहिला.

कारण खात्री होती ती प्रश्नाची. प्रश्न लहानपणापासूनचा होता, यात शंकाच नाही. आमच्या खोलीत जगाचा नकाशा टांगलेला होता, कोपरे फाटलेला. कामावरून आल्यावर बाबा त्यावर बोट ठेवून आम्हा दोघांना विचारायचे. सगळ्यात खोल सरोवर? आणि कुणीतरी ओरडायचं, बैकल! कुणीतरी. मी की दादा? मी कितीही आठवलं तरी मला बाबांचं बोट दिसायचं, शाईचा डाग पडलेलं, आणि ते नाव ऐकू यायचं, पण आवाज कुणाचा ते कळायचं नाही. ते उत्तर माझंच असलं तर? दादाला ते कधी आलंच नसलं तर? मग त्याच्या डोक्यात राहिलेला तो तुकडा माझ्या फाजील खात्रीमुळे राहिला.

दादा हळूहळू बोलायला लागला. पहिले काही दिवस हो, नाही, पाणी, एवढंच. मग वहिनीचं नाव. मग एका सकाळी त्याने नर्सला विचारलं की थर्मामीटरमध्ये पूर्वी कोणता धातू असायचा, आणि वहिनी बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडली. घरी आल्यावर त्याचे रविवारचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. वाक्यं जरा लांबत होती, शब्दाला थोडी वाट बघावी लागत होती, पण येत होता.

चाचणीवालीने मला सांगितलं होतं, घरी निवांत विचारून बघा सरोवराचं, म्हणजे तुमच्या मनाला बरं वाटेल. मी विचारलं नाही. विचारायचं धाडसच होईना. आलं तर ठीक, डॉक्टर थांबले ते योग्य जागी थांबले. पण नाही आलं तर? मी त्याच्यासमोर बसायचे, तो काहीबाही विचारायचा, आणि तो एक प्रश्न माझ्या जिभेवर तसाच राहायचा. दुकानात काचा पुसतानाही तेच. रात्री झोप लागली तरी सकाळी डोळे उघडायच्या आधी भीती उठून बसलेली असायची. मी, जिला कुणाच्या तोंडावर काहीही बोलताना कचरायचं माहीत नाही, ती सख्ख्या भावाला एका तळ्याचं नाव विचारायला घाबरत होते.

पुढच्या तपासणीची तारीख आली तेव्हा मला राहवेना. आदल्या दुपारी मी त्याच्याकडे गेले. वहिनी बाजारात गेली होती. दादा खिडकीशी संत्रं सोलत बसला होता, माझ्यासाठी एक आणि त्याच्यासाठी एक. त्याच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. मी पिशवीतून पेचकस काढला आणि ती आवळायला घेतली, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागू नये.

"दादा," मी म्हटलं, "जगातलं सगळ्यात खोल सरोवर कोणतं?"

"बैकल," तो म्हणाला. एका दमात, संत्र्यावरची नजरही न उचलता. "का ग?"

मला वाटलं माझ्या छातीवरून कुणीतरी लिफ्टच उचलली. येतंय त्याला! होतं त्याला माहीत! डॉक्टर बरोबर थांबले, मी बरोबर सांगितलं होतं. मी हसायला लागले, हसता हसता डोळे भरून आले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढं काय त्यात? सोपं आहे."

"सोपं आहे तर तिथे का नाही सांगितलंस?" मी डोळे पुसत, त्याला चिडवायला म्हणून विचारलं. "ऑपरेशनच्या वेळी. त्या मुलीने दोनदा विचारलं म्हणे."

त्याने संत्र्याची फोड हातात तशीच धरून ठेवली. शब्द यायला वेळ लागत होता, पण तो शोधत होता तो शब्द नव्हे, ऑपरेशनची ती वेळ.

"हो," तो म्हणाला. "विचारलं होतं. आठवतंय."

"मग?"

"तो तुझा ना. बाबा विचारायचे तेव्हा तो तुझा असायचा. मला यायचा. पण मी आधी सांगितलं की तू रडायचीस, इतकी छोटी होतीस. मग मी गप्प राहायचो. तू ओरडायचीस, बाबा तुला उचलून घ्यायचे." तो हसला. "तिथे पण मला वाटलं, आपण त्या खोलीतच आहोत. मला येत होतं, बारके. अगदी तोंडात होतं."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. मी त्याला थांबवायला हातही पुढे केला.

"मी खूप वेळ थांबलो," तो म्हणाला. "पण तू बोललीच नाहीस."